बेंच प्रेसमधल्या कोपराविषयी पंचांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील पॉवरलिफ्टिंगचे पंच आणि जिल्हा संघटनांचे तांत्रिक अधिकारी यांस,

विषय : बेंच प्रेसमधील कोपराच्या खोलीचा नियम आणि तो पाहण्याची आपली पद्धत

सन्माननीय पंचहो,

गेल्या हिवाळ्यात एका जिल्हास्तरीय स्पर्धेत, ५२ किलो वजनी गटात उतरलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीचा बेंच प्रेसचा (बेंचवर उताणे झोपून बार छातीवर आणायचा आणि वर ढकलायचा) दुसरा अटेम्प्ट, म्हणजे प्रयत्न, बाद झाला. बारवर ५२.५ किलो होते. तिने बार छातीवर आणला, तो स्थिर झाला, ‘प्रेस’ ही आज्ञा मिळाली, बार न थांबता वर गेला, कोपरे लॉक, म्हणजे पूर्ण ताठ, झाली आणि ‘रॅक’ म्हटल्यावर तो स्टँडवर परतला. मग तीन पंचांच्या दिव्यांपैकी (पांढरा म्हणजे मान्य, लाल म्हणजे बाद) दोन लाल लागले. बाद करण्याचे कारण सांगणारे कार्ड कोणीही वर केले नाही. गट संपल्यावर मी मुख्य पंचांकडे जाऊन अदबीने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सर, एवढी कमान आता चालत नाही. २०२३ पासून बंद केलीय ना.” कमान म्हणजे बेंचवर झोपताना पाठीला दिलेला बाक. तोवर मुलीचा तिसरा अटेम्प्टही होऊन गेला होता. दोन लाल दिवे पाहून ती इतकी धास्तावली होती की तिसऱ्या वेळी तिने पाठ जवळजवळ सपाट ठेवली, म्हणजे आयुष्यात कधी सराव न केलेल्या पद्धतीने तेच वजन उचलायचा प्रयत्न केला, आणि बार अर्ध्यावर अडकला. पहिल्या अटेम्प्टचे ४७.५ किलो तेवढे जमा राहिले. पदक अडीच किलोंनी गेले.

गेलेले पदक परत मागण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. ते पंच मला वर्षानुवर्षे ठाऊक आहेत, पदरमोड करून स्पर्धांना येतात आणि त्यांच्या सचोटीविषयी माझ्या मनात तीळभरही शंका नाही. मला अस्वस्थ करते ते त्यांचे वाक्य, कारण तेच वाक्य त्यानंतर मी आणखी दोन स्पर्धांत, निराळ्या पंचांच्या तोंडून, जवळजवळ त्याच शब्दांत ऐकले. कमान बंद झाली आहे, असे आपल्यापैकी अनेक जण मनापासून मानून चालले आहेत. कमान बंद झालेली नाही.

आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाचा जो नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, तो असे सांगतो की बार खाली आणताना दोन्ही कोपरांच्या सांध्यांची खालची बाजू त्या त्या बाजूच्या खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीत किंवा तिच्या खाली आली पाहिजे. त्याआधी बार छातीला किंवा पोटाला टेकून स्थिर झाला की पुरे होते आणि कोपर कुठवर उतरले याकडे नियमाचे लक्ष नव्हते. या नव्या वाक्यात पाठीचा उल्लेख नाही आणि कमानीचाही नाही. शरीराच्या स्थितीबद्दल जे जुने बंधन होते तेच कायम आहे : डोके, खांदे आणि नितंब बेंचला टेकलेले हवेत, पावले जमिनीवर सपाट हवीत. खांदे आणि नितंब यांच्यामध्ये पाठीने काय करावे, याविषयी नियमपुस्तक गप्प आहे आणि ते जाणूनबुजून गप्प आहे, कारण प्रत्येकाचा कणा निराळा असतो. एखाद्या खेळाडूच्या पाठीखालून मांजर निघून जाईल एवढी पोकळी असली, तरी तिचे कोपर खांद्याच्या पातळीला पोहोचले आणि बाकीच्या अटी पाळल्या गेल्या, तर तो अटेम्प्ट नियमाप्रमाणे चांगला आहे. तो डोळ्यांना चांगला दिसतो की नाही, हा प्रश्न पंचाच्या हातातल्या बटणाचा नाही.

(पावलांचा विषय निघालाच आहे तर सांगतो : बुटक्या खेळाडूंसाठी पायाखाली ३० सेंटिमीटरपर्यंत उंचीचे ठोकळे देण्याची तरतूद त्याच नियमपुस्तकात आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेत ते ठोकळे मी क्वचितच पाहिले आहेत. दीड मीटर उंचीच्या मुलीने ४५ सेंटिमीटर उंच बेंचवर पडून टाचा टेकवाव्यात, असा आग्रह धरायचा आणि ठोकळे मात्र आणायचे नाहीत, हे बरे नाही.)

हा नियम आला कशामुळे, तेही नीट पाहायला हवे, कारण कमानीवरचा राग तिथूनच सुरू झाला. बारवर दोन्ही तर्जन्यांमधले अंतर ८१ सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, ही पकडीची मर्यादा सर्व वजनी गटांना एकच आहे. १२० किलोच्या माणसाला ८१ सेंटिमीटरची पकड फारशी रुंद वाटत नाही. ४७ किलोच्या मुलीला मात्र ती हात जवळजवळ फाकवून धरावी लागते, तिच्या मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उभा न राहता आतल्या बाजूला तिरका होतो आणि त्यामुळे बार छातीला टेकला तरी कोपर त्याच्या फारसे खाली जात नाही. त्यात खांद्यांचे फरे मागे खेचून बरगड्या वर उचलल्या की छाती खांद्यांच्या बरीच वर येते आणि बारला जेमतेम चार बोटे प्रवास उरतो. असे अटेम्प्ट मोबाइलवर सगळीकडे फिरले आणि या खेळाचे हसे होऊ लागले. काहीतरी करणे भाग होते, हे मीही मानतो. पण त्या चित्रात तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात, रुंद पकड, लहान हात आणि उंच छाती, आणि लोकांच्या डोळ्यांत भरते ती त्यातली फक्त कमान. महासंघाने या तिन्हींपैकी एकीलाही हात न लावता त्यांचा परिणाम जिथे दिसतो ते कोपर धरले, हे मला शहाणपणाचे वाटते.

माझ्याच व्यायामशाळेतला एक मुलगा १२० किलोच्या वरच्या गटात उतरतो. त्याची पाठ बेंचवर पोळपाटासारखी सपाट असते. तरीही या नियमाने त्याचे दोन अटेम्प्ट बाद झाले, कारण त्याची छातीच एवढी जाड आहे की बार तिला टेकतो तेव्हा कोपर अजून खांद्याच्या वर असते. “सर, मी तर कमानच करत नाही!” असे तो रडकुंडीला येऊन म्हणत होता. ते पंच बरोबर होते आणि त्यांचे मी आभार मानले. त्याला पकड दोन बोटे आत घ्यायला लावली, कोपर उतरू लागले, प्रश्न मिटला. नियम कमानीचा असता तर हा मुलगा कधीच सापडला नसता आणि ती मुलगी दर वेळी सापडली असती.

आपल्या खेळाचे तिन्ही नियम बारकाईने वाचले तर त्यांच्यात एक सारखेपणा दिसतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. स्क्वॉटमध्ये (बार खांद्यांवर घेऊन खाली बसून उठणे) मांडीचा वरचा पृष्ठभाग, खुब्याच्या सांध्यापाशी, गुडघ्याच्या वरच्या भागापेक्षा खाली जायला हवा. बेंच प्रेसमध्ये कोपर आणि खांदा यांची तुलना होते. डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा बार उचलून उभे राहणे) गुडघे लॉक, खांदे मागे आणि शरीर ताठ उभे हवे. बार किती सेंटिमीटर हलला, हे यांपैकी कोणीही विचारत नाही. उंच माणसाचा बार जास्त प्रवास करतो, बुटक्याचा कमी, आणि दोघांनाही एकच न्याय मिळतो, कारण प्रत्येकाचे शरीर त्याच्याच शरीराशी मोजले जाते. तालमीत उस्ताद बैठका मोजतात तेव्हाही पट्टी घेऊन बसत नाहीत, अर्धी बैठक कोणती आणि पुरी कोणती हे ज्याच्या त्याच्या गुडघ्यावरून ठरते.

म्हणूनच बेंच प्रेसमध्ये बारने किमान अमुक सेंटिमीटर अंतर कापलेच पाहिजे, अशी जी सूचना अधूनमधून पुढे येते, तिला माझा विरोध आहे. ती ऐकायला सोपी आहे, पण तिने लांब हातांच्या खेळाडूला काहीच न करता सूट मिळेल आणि आखूड हातांच्या खेळाडूला जन्माची शिक्षा होईल. हलक्या गटांसाठी पकडीची मर्यादा ८१ वरून कमी करावी, ही सूचना तिच्यापेक्षा बरी आहे, कारण पकड अटेम्प्ट सुरू होण्याआधी दिसते आणि बारवरच्या खुणेवरून तपासता येते. पण वजन हलके आणि खांदे रुंद, असेही खेळाडू असतात आणि त्यांनी कोणाचे काय बिघडवले आहे? सुमो पद्धतीच्या डेडलिफ्टवरचा आक्षेप मी दोन वाक्यांत संपवतो. पाय फाकवल्याने बारचा प्रवास कमी होतो हे खरे, पण पावलांमध्ये किती अंतर असावे हे नियमाने कधीच सांगितलेले नाही, मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असल्यामुळे बार सर्वांसाठी सारख्याच उंचीवरून सुटतो, आणि सुमोने ज्यांना सोपे जाते तितक्याच जणांना ते अवघड जाते, हे कोणत्याही व्यायामशाळेत आठवडाभर उभे राहिल्यास दिसते.

तेव्हा नियम योग्य आहे. तो ज्या खुर्चीवरून पाहिला जातो, ती खुर्ची मात्र योग्य जागी नाही.

त्या स्पर्धेनंतर मला एका गोष्टीने छळले. आमच्याकडे त्या अटेम्प्टचे दोन चित्रफितींत चित्रण होते. एक त्या विद्यार्थिनीच्या भावाने बेंचच्या उंचीवर, खाली मांडी घालून, बाजूने घेतलेली. तिच्यात कोपर खांद्याच्या खाली गेलेले स्पष्ट दिसते. दुसरी डोक्याच्या बाजूने, उभ्याने घेतलेली. तिच्यात तेच कोपर त्याच क्षणी वर राहिलेले दिसते. दोन्ही खऱ्या. मग मी ओळखीच्या गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणली, भिंतीची पातळी काढताना वापरतात ती. बेंचवर एका मुलाला झोपवून हातात काठी दिली आणि नळीचे एक टोक त्याच्या कोपराच्या खालच्या बाजूला, दुसरे खांद्याच्या माथ्याला लावले. दोन्ही टोकांतले पाणी बरोबर खुणेवर येईपर्यंत त्याला कोपर उतरवायला लावले, म्हणजे नियमाप्रमाणे अगदी काठावरचा, पण चांगला अटेम्प्ट. त्याला तसेच धरून ठेवायला सांगून मी प्लास्टिकच्या खुर्चीत, मुख्य पंच बसतात तसा, त्याच्या डोक्यामागे दीड मीटरवर बसलो. कोपर खांद्यापेक्षा चांगले तीन बोटे वर दिसत होते. खुर्ची उचलून बाजूला नेली आणि तिथून पाहिले, तर जवळचे कोपर खांद्याच्या पार खाली दिसत होते, आणि पलीकडचे कोपर छातीच्या आड गेल्यामुळे दिसतच नव्हते.

यात जादू काही नाही. बेंच ४२ ते ४५ सेंटिमीटर उंच असते, खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे त्याच्या कितीतरी वर असतात, आणि वरून पाहताना सारख्या उंचीच्या दोन वस्तूंपैकी जवळची वस्तू खाली आणि लांबची वस्तू वर भासते. कोपर खांद्यापेक्षा पायांच्या दिशेने पुढे असते, म्हणून डोक्याकडच्या पंचाला ते लांब आणि वर भासते. तेच कोपर बाजूच्या पंचाकडे बाहेर आलेले असते, म्हणून त्याला ते जवळ आणि खाली भासते. मुख्य पंच प्रामाणिकपणे लाल दिवा लावतो आणि बाजूचा पंच तितक्याच प्रामाणिकपणे पांढरा. तिसऱ्याच्या समोर स्पॉटर (बार सांभाळायला जवळ थांबणारा मदतनीस) उभा असला की त्याला उरतो तो अंदाज, आणि अंदाज करताना माणूस जे ठळक दिसते त्याच्यावर विसंबतो. ठळक दिसते ती कमान. माझ्या मते ‘कमान बंद झाली’ हा समज असाच रुजला. स्क्वॉटमध्ये समोर बसलेल्या मुख्य पंचाला खोली नीट दिसत नाही आणि ती बाजूचे पंच पाहतात, हे आपण सर्वांनी फार पूर्वी स्वीकारले आहे. बेंच प्रेसमध्ये मात्र जणू तिन्ही खुर्च्यांवरून सारखेच दिसते, असे आपण धरून चाललो आहोत.

पंचांना सारखे न दिसणाऱ्या नियमाचे पुढे काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच खेळात आहे. वेटलिफ्टिंगमध्ये एके काळी स्नॅच आणि क्लीन अँड जर्क यांच्या जोडीला प्रेस हा तिसरा प्रकार होता. खेळाडू बार डोक्यावर ढकलताना हळूहळू मागे झुकू लागले, किती झुकले म्हणजे फार झाले हे ठरवणे पंचांना जमेना, एकाच झुकावाला एका स्पर्धेत पांढरे दिवे आणि दुसरीत लाल मिळू लागले, आणि शेवटी १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर तो प्रकारच काढून टाकण्यात आला. माणसे ताकदीला कमी पडली म्हणून प्रेस गेला नाही. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादीवर पाठ टेकली की नाही टेकली यावरून काय प्रसंग उद्भवला, तो साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. पंचावर हात-पाय उचलण्याचे समर्थन कोणीच करणार नाही. पण एका क्षणाचा निर्णय, तो नेमका कुठून पाहिला गेला हा प्रश्न, आणि कारण समजण्याआधीच पेटलेला खेळाडू, ही सामग्री आपल्याकडेही दर रविवारी तयार होत असते.

दोष केवळ आपलाच आहे असे मी म्हणत नाही. आम्हा प्रशिक्षकांपैकी कित्येकांनी नियम न वाचताच मुलांना कमान शिकवली. पकड रुंद करा, छाती वर करा, बार कमी हलेल, एवढाच धडा दिला आणि कोपर कुठे जाते हे पाहिलेच नाही. माझ्या स्वतःच्या तीन मुलांना २०२३ मध्ये रास्त लाल दिवे मिळाले आणि त्या वेळी मीही बाहेर उभा राहून पंचांच्या नावाने पुटपुटलो होतो. नळी आणण्याची बुद्धी तेव्हा झाली असती तर बरे झाले असते.

आता मागणे काय ते सांगतो. बेंच प्रेसच्या वेळी पंचांनी खाली बसावे. तिन्ही प्रकारांत स्वतःला उत्तम दिसेल अशी जागा निवडण्याची मुभा नियमपुस्तकच पंचांना देते, त्यामुळे यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. निळा कोट आणि टाय घालून पाटावर बसणे कोणाला शोभणार नाही असे वाटेल, आणि आपल्यातल्या अनेकांचे गुडघे त्यांच्या स्वतःच्या लिफ्टिंगच्या दिवसांची आठवण देत असतील, हेही मी जाणतो; त्यांच्यासाठी गादी घातलेला चौरंग पुरेल. डोळे जितके खांद्याच्या उंचीजवळ येतील तितका हा दृष्टिभ्रम कमी होतो, हे आपण स्वतः पाहिल्यावर मला अधिक समजवावे लागणार नाही. स्पॉटरनी बार हातात दिल्यावर एक पाऊल मागे सरून बाजूच्या पंचाची वाट मोकळी करावी, हे त्यांना स्पर्धेच्या आधी सांगता येईल. लाल दिवा लावला की कारणाचे कार्ड वर करावे. ते कार्ड पाहून खेळाडूला पुढच्या अटेम्प्टला काय बदलायचे ते कळते. माझ्या विद्यार्थिनीला ते कळले असते तर तिने पाठ सपाट करण्याऐवजी पकड थोडी आत घेतली असती. आणि तोंडी कारण सांगताना नियमातले शब्द वापरावेत. “कोपर उतरले नाही” असे म्हटले तर मी घरी जाऊन कोपर उतरवून घेईन. “कमान जास्त आहे” म्हटले तर मी कमान मोडीन, कोपर होते तिथेच राहील, आणि पुढच्या स्पर्धेत दुसऱ्या पंचांपुढे पुन्हा तोच तमाशा होईल.

एक अडचण उरते आणि तिच्यावर मला स्वतःला पुरते उत्तर सापडलेले नाही. नियम खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पृष्ठभागाबद्दल बोलतो, पण डोळ्यांना दिसतो तो खांद्यावरचा स्नायू, आणि त्याच्यावर टी-शर्टची बाही. भरदार खांद्याच्या माणसाचा स्नायू सांध्याच्या बराच वर फुगलेला असतो, म्हणजे पंच स्नायूच्या माथ्याशी तुलना करत असेल तर त्या माणसाला सवलत मिळते आणि बारीक चणीच्या मुलीला मिळत नाही. बाही चुरगळून वर आली तरी तेच होते. स्क्वॉटमध्येही खुब्यापाशी कॉस्च्यूमच्या सुरकुत्या अशाच फसवतात, पण तिथे निदान कित्येक वर्षांच्या सवयीने पंचांची नजर तयार झाली आहे. काठावरच्या, खरोखर ठरवता न येणाऱ्या अटेम्प्टला पांढरा दिवा द्यावा, असे माझे मत आहे. ज्याला दोष दिसला नाही त्याने तो गृहीत धरू नये. आपल्यापैकी काहींना हे पटणार नाही आणि त्यांचे म्हणणे ऐकायला मी तयार आहे.

यापुढच्या जिल्हा स्पर्धेच्या तांत्रिक बैठकीनंतर अर्धा तास द्यावा, एवढी विनंती आहे. रिकामा बार, एक बेंच आणि वेगवेगळ्या बांध्यांचे तीन खेळाडू पुरेत. रिकाम्या बारखाली छाती दबत नाही, त्यामुळे कोपर उतरवणे उलट जरा कठीण जाते, म्हणजे चाचणी सोपी होईल अशी भीती नको. प्रत्येक पंचाने आधी खुर्चीवरून आणि मग खाली बसून तोच अटेम्प्ट पाहावा आणि दोन्ही वेळा आपला दिवा कागदावर लिहावा; नंतर नळी लावून पाहू. नळी, दोन पाट आणि एक चौरंग घेऊन मी सकाळी सात वाजता हजर राहीन.

आपला नम्र,
तालुक्याच्या गावातील एका व्यायामशाळेचा प्रशिक्षक